दुसरा ठिपका

बाबा, तुम्ही पुसायला सांगितलेला ठिपका मी अजून पुसलेला नाही, आणि पुसणारही नाही. नकाशा माझ्याकडेच आहे. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काढलेला तो कागद घड्यांवर विरत चाललाय, म्हणून मी त्याला मागून मलमलीची पट्टी चिकटवली आहे. तुम्ही गेलात तेव्हाच्या तुमच्या वयापेक्षा आता माझं वय जास्त आहे. तेव्हा या खेपेला मला मध्येच न थांबवता शेवटपर्यंत ऐकून घ्यायला हरकत नसावी. माझं सगळं आयुष्य वर्तमानपत्रात गेलं. दुसऱ्यांचा मजकूर कापायचा, आपला वेळेत द्यायचा, पान लागलं की घरी जायचं. हा एकच मजकूर असा होता की त्याची कोणी वाट पाहत नव्हतं, म्हणून तो मागे पडत गेला.

मंगरूळपीरचा गुरांचा दवाखाना मला आजही वासावरून ओळखता येईल. फिनेल, शेण आणि स्पिरिट. तेव्हा आपला जिल्हा अकोला होता, वाशीम जिल्हा व्हायला अजून पुष्कळ वर्षं होती. राज्य तर आपण जागेवरून न हलता बदललं. आधी मध्य प्रदेशात होतो, मग मुंबई राज्यात गेलो. तुमच्या कामात त्याने काही फरक पडला नाही. सरकारी कागदावरचं वरचं नाव बदललं, खालची गुरं तीच. लोक तुम्हाला ढोराचे डाक्टर म्हणायचे आणि आई त्यावर चिडायची. तुम्ही मात्र म्हणायचा, मग काय चुकलं, ढोरांचाच आहे मी. सायकलच्या मागे औषधांची पेटी, पुढे पिशवी, आणि खिशात ते पितळी कड्याचं भिंग. ज्या गावाला बैल पाहायला जाल त्या गावच्या नाल्यात उतरून चार दगड उलटे केल्याशिवाय तुम्ही परत यायचा नाहीत. लोकांना वाटायचं साहेब पाण्याची तपासणी करतात. साहेब गोगलगाई शोधत असायचे.

मॅट्रिक होऊन मी घरी बसले होते आणि माझ्यासाठी स्थळं पाहणं सुरू होतं. जवळच्या गावांना तुम्ही मला दुसऱ्या सायकलवरून सोबत न्यायचा. मुलीने सायकल चालवण्यावर गावात जे बोललं जायचं ते तुम्ही ऐकू न आल्यासारखं करायचा. त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे, आणि हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे ऋणाच्या गोष्टी फारशा नाहीत.

मालेगावच्या रस्त्याकडे जाताना टेकडीच्या पायथ्याशी जे गाव लागतं, तिथलं कुंड. काळ्या खडकाच्या भेगेतून झरा येतो, वर वीतभर रुंद पन्हळ, खाली गुरांना पाणी प्यायला दगडी कुंड, आणि पलीकडे डबकं. तुम्ही पँट गुडघ्यापर्यंत दुमडून झऱ्याच्या तोंडाशी बसला आहात. एक दगड उलटा करून माझ्या हातात देता आणि म्हणता, "काय दिसतं?" मी म्हणते, काही नाही. तुम्ही म्हणता, "घाई करू नको. आपण हललो की ती थांबते. आपण थांबलो की ती हलते." मी दगड धरून बसते. हात भरून येतो. आणि मग त्या काळ्या दगडावर ज्वारीच्या दाण्याएवढा एक ठिपका हलतो. पिवळट तपकिरी, गोलसर, टोकाला बोथट. तिच्या पाठीवरचा शंख इतका पातळ होता की उन्हात आतलं अंग गडद दिसत होतं. तुम्ही भिंग डोळ्यापासून खाली घेतलंत, पुसलंत आणि पुन्हा लावलंत. अशी तुम्ही पूर्वी पाहिली नव्हती, हे मला त्यावरूनच कळलं.

मग नकाशा सुरू झाला. नियम तुम्ही घालून दिलात. जिथे शोधली आणि मिळाली नाही तिथे पोकळ वर्तुळ, जिथे मिळाली तिथे भरीव ठिपका. जिथे शोधलीच नाही तिथे काही काढायचं नाही, कारण न शोधणं आणि न मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मंगरूळपीरचा तलाव, पोकळ. मालेगावचा नाला, पोकळ. कारंज्याकडे काही कामाने गेलात तेव्हा धनजच्या ओढ्यातही उतरलात, तिथून येताना पाऊस लागला, ताप घेऊन घरी आलात आणि अंथरुणावरूनच मला म्हणालात, "धनजला पोकळ काढ." आई चुलीपुढून म्हणाली, "डोस्क्यावर आधी पट्टी ठेवू द्या, मंग काढजो पोकळ." त्या सगळ्या पोकळ वर्तुळांच्या मधोमध एकच भरीव ठिपका होता. ते कुंड.

त्या कुंडातही ती सगळीकडे नव्हती. खालच्या डबक्यात, शेवाळात, गुरांच्या पायाखालच्या गाळात दुसऱ्याच गोगलगाई होत्या. चपट्या, मेंढ्याच्या शिंगासारख्या वळलेल्या, नखाएवढ्या. त्या हवा घ्यायला पाण्याच्या वर यायच्या आणि कसल्याही घाणीत जगायच्या. आपली लहान गोगलगाय वर कधी आली नाही. ती पाण्यातच श्वास घ्यायची, म्हणून तिला वाहतं, गार, स्वच्छ पाणी लागायचं; झऱ्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर ती संपायची. दगडावरचा बुळबुळीत थर खायची आणि दगडाच्या खालच्या अंगाला एकेक अंडं चिकटवायची. उन्हाळ्यात डबकं आटायचं, झरा आटायचा नाही. हे सगळं आपण दोघांनी बसून पाहिलं. मी एकटीने नाही, तुम्ही एकट्यानेही नाही.

चूक तुमची झाली ती त्यानंतर, आणि ती ढोराच्या डाक्टरकडूनच होण्यासारखी होती. मुंबईच्या जाणकारांना नमुना पाठवायचा तर शंख स्वच्छ हवा, असं तुम्ही ठरवलंत. आईने स्वयंपाकघरात गोगलगाई शिजवायला साफ नकार दिला. म्हणून त्या तुम्ही दवाखान्यात सुया उकळायच्या भांड्यात उकळल्या. कंपाउंडर दारातून म्हणाला, "साहेब, आता हे सुई बैलाले टोचाची का रस्सा करून प्याचा?" तुम्ही हसलात. मग बारीक सुईने प्रत्येकीचं आतलं मांस ओढून काढलंत, ते फेकून दिलंत, शंख वाळवून कापसात गुंडाळून डबी रवाना केली. काही महिन्यांनी उत्तर आलं. नमुना नेहमीच्या डबक्यात राहणाऱ्या जातीच्या पिल्लांचा दिसतो, नवं काही नाही. तुम्ही ते मला मोठ्याने वाचून दाखवलंत आणि म्हणालात, "झालं." मी म्हटलं, पिल्लं मोठी कधी होतात मग? वर्षभर पाहतोय आपण, एकही मोठी झालेली दिसली नाही. तुम्ही म्हणालात, "त्यांनी आयुष्य घातलंय त्यात. आपण सायकलवरून हिंडतो."

तिकडे त्या गावची गुरं घोरायला लागली होती. नाकात फुलकोबीसारखी गाठ वाढायची, श्वास अडायचा, बैल उभ्या उभ्या करवत चालल्यासारखा आवाज काढायचा. एक शेतकरी आपला बैल घेऊन दवाखान्यात आला होता, तो दिवस मला आठवतो. बैलाच्या नाकातून शेंबूड आणि रक्त. तो माणूस पायरीवर बसून म्हणाला, "साहेब, आमचा म्हातारा घोरे तं माय त्याले बाहीर झोपवे. याले कुठं झोपवू? जोडीचा बैल बी आता खाऊन नाही राह्यला, याच्याकडंच पाह्यत राह्यते." तो हसत हसत बोलत होता आणि त्याचा हात बैलाच्या गळ्यावरून हलत नव्हता. पेरणी जवळ आली होती. तुम्ही बैलाला सुई दिलीत, मग त्याला पाणी कुठं पाजतोस विचारलंत. तो म्हणाला, "कुंडावर. अजून कुठं?"

या रोगाचा किडा चपट्या गोगलगाईत वाढतो आणि पाण्यातून गुरांच्या कातडीत शिरतो, हे तुम्हाला पुस्तकातून माहीत होतं. उपाय ठरलेला होता. मोरचूद. गोणपाटात बांधून पाण्यात सोडायचा, पाणी निळं होतं, गोगलगाई मरतात. तुम्ही वर लिहिलंत, मंजुरी आली, गोण्या आल्या. गावाने होकार दिला. दिवस ठरला. मी विचारलं, झऱ्याच्या तोंडाशीही घालणार? तुम्ही म्हणालात, वरून घातल्याशिवाय खालपर्यंत पोहोचत नाही. मी म्हटलं, मग आपली? तुम्ही म्हणालात, "आपली म्हणजे कोणती? उत्तर वाचलंस ना? पिल्लं आहेत ती. डबक्यातल्यांचीच."

आपल्या स्वयंपाकघरात माठाच्या तिवईखाली एक काचेची बरणी होती. दुकानात लिमलेटच्या गोळ्या ठेवतात तशी. तिच्यात मी झऱ्याचे दगड आणि पाच-सहा जिवंत गोगलगाई ठेवल्या होत्या आणि रोज ताजं पाणी बदलत होते. आई म्हणायची, "पाव्हणे पाह्याले येतीन आन् ही गोगलगाई दाखवन." ठरलेल्या दिवसाच्या दोन दिवस आधी, सकाळी भाकरी होत असताना, मी त्यातली एक तळहातावर घेतली. ती आक्रसून आत गेली. मी थांबले. तुम्ही शिकवलं होतं तसं. आणि मला दिसलं की शंखाचं तोंड उघडं राहिलेलं नाही. आत जाताना तिने मागे झाकण ओढून घेतलं होतं. मी तुमच्या खुंटीवरच्या सदऱ्यातून भिंग काढलं. मधाच्या रंगाची पातळ चकती, तिच्यावर कांद्याच्या चकतीसारखी वर्तुळं, तोंडात घट्ट बसलेली. दुसरी घेतली. तिलाही झाकण. तिसरीलाही. मग मी परसातून खालच्या डबक्यातली एक चपटी आणली, बादलीत होत्या तुमच्या प्रयोगाच्या. ती आत गेली, आणि तोंड उघडंच. हवेलीच्या दिंडी दरवाजासारखं सताड.

तुम्ही आंघोळ करून आलात तेव्हा मी दोन्ही तळहात पुढे केले. एकावर ती, एकावर चपटी. तुम्ही भिंग घेतलंत. आईची भाकरी तव्यावर करपली. मग म्हणालात, "झाकण आहे." मी म्हटलं, पिल्लांना झाकण असतं आणि मोठं झाल्यावर पडतं का? "नाही." मग डबक्यातल्या त्या जातीला झाकण असतं का? "नाही. कधीच नाही." मग ही त्यांची पिल्लं कशी? तुम्ही पाटावर बसलात. तुम्हाला समजलं होतं. सुयांच्या भांड्यात उकळून जे मांस तुम्ही ओढून फेकलं त्याच्याबरोबर झाकणंही गेली होती. मुंबईला पोहोचले ते बिनझाकणाचे शंख. तिथल्या माणसाने समोर आलं त्यावरून बरोबर उत्तर दिलं होतं.

"मग थांबवा," मी म्हटलं.

"गुरं थांबत नाहीत," तुम्ही म्हणालात.

"दोन आठवडे फक्त. दुसऱ्या डबीत जिवंत पाठवू."

"दोन आठवड्यांनी त्या बैलाची जोडी उरणार नाही. पेरणी तू करशील त्याची?" रागावलात की तुमची भाषा पुस्तकातून उठून गावाकडे जायची. "आन् मले सांग, कोणत्या तोंडानं सांगू त्याले? का बावा, तुह्या बैलासाठी आता मोरचूद सोडता येत नाही, माह्या पोरीच्या गोगलगाईले झाकण हाय?"

तुमचं म्हणणं खोटं नव्हतं. ते तेव्हाही मला कळत होतं. पण गुरं वाचवायची तर तिने मेलंच पाहिजे, या दोन गोष्टींची गाठ तुम्ही मारलीत, ती मला मान्य नव्हती. मी म्हटलं, गुरं वाचवा. ती मी वाचवते. तुम्ही ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलंत. झाकणासकट चार गोगलगाई मात्र त्याच दिवशी स्पिरिटच्या बाटलीत घातल्यात. ते मला विसरायचं नाही.

त्या गावात एक रीत होती, तुम्हाला ठाऊकच आहे. नव्या विहिरीला पाणी लागलं की कुंडाच्या झऱ्याची एक घागर त्या घरच्या बायका वाजतगाजत नेऊन तिच्यात ओतत. तोवर त्या विहिरीचं पाणी कोणी पीत नसे. नवीला जुनीची ओळख करून द्यायची, असं बायका म्हणत. टेकडीच्या दुसऱ्या अंगाला एका घरची विहीर नुकतीच लागली होती. खडकाच्या भेगेतून बाजूने झरा धो धो येत होता. आणि कुंड निळं व्हायच्या आधी घागर नेणं त्यांना भागच होतं. त्या घरच्या काकूंची आणि माझी ओळख तुमच्यामुळेच, त्यांच्या गाईचं वासरू तुम्ही अडकलेलं सोडवलं होतं.

मोरचूद सोडायच्या आदल्या दिवशी मी सकाळीच सायकलवर निघाले. काकूंकडून घागर घेऊन झऱ्याच्या तोंडाशी बसले. दगड उलटे करायचे, एकेक गोगलगाय तळहातावर घ्यायची आणि ती दार लावेपर्यंत थांबायचं. लावलं की तिच्या दगडासकट घागरीत. नाही तर खाली. चपटी चुकूनसुद्धा जाता कामा नये, कारण त्या विहिरीचं पाणीही गुरांना पाजणार होते. ऊन चढलं. बायका हळदीकुंकू घेऊन आल्या तेव्हा मी अजून थांबूनच होते. काकूंनी घागरीत डोकावून पाहिलं.

"अवं पोरी, घागरीत गोटे कायले भरून राह्यली वं?"

"विहिरीला आहेर आहे काकू."

"कायचा आहेर?"

मी तळहात दाखवला. त्यांनी डोळे बारीक केले. "व माय! गोगलगाय? आहेरात लुगडं देत असतेत."

दुसरी एक म्हणाली, "डाक्टर साहेबाची पोरगी हाय ते. तिच्या आहेरात ढोरच निघन." सगळ्या हसल्या.

मी म्हटलं, काकू, ही पाणी खराब करत नाही. खराब पाण्यात ती राहूच शकत नाही. ती जिवंत असेल तोवर समजा पाणी चांगलं. आणि हिच्यामुळे गुरं घोरत नाहीत, ती दुसरी. काकूंनी जरा विचार केला. म्हणाल्या, "तुह्या बाबाले माहीत हाय?" मी म्हटलं, अजून नाही, पण उद्या सांगणार आहे. त्या म्हणाल्या, "सांगजो बरं. मंग चाल." घागर त्यांनी डोक्यावर घेतली. नव्या विहिरीच्या पायऱ्या अजून ओबडधोबड होत्या. मी खाली उतरले आणि झऱ्याच्या भेगेजवळ, पाण्याखालच्या खडकाच्या पुढे आलेल्या पाळीवर, एकेक दगड हाताने लावला. वर बायका गाणं म्हणत होत्या.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मोरचूद सोडलात. मी आले होते, काठावर उभी होते. पाणी आधी आकाशासारखं झालं, मग गडद. मासे वर आले. चपट्या गोगलगाई शेवाळातून सुटून तरंगायला लागल्या. माणसं खूश होती. तो बैलवाला तर तुमच्या पाया पडायला आला. तुम्ही त्याला उठवलंत आणि मग वर झऱ्यापाशी गेलात, एकटे. दगड उलटा केलात. मी मागून पाहत होते. तुम्ही तो दगड बराच वेळ हातात धरून बसलात, हलला नाहीत. काहीच हललं नाही. मग तुम्ही तो होता तसा, होत्या जागी, पालथा ठेवलात.

घरी आल्यावर मी नकाशा पसरला आणि टेकडीच्या दुसऱ्या अंगाला दुसरा भरीव ठिपका काढला. मला वाटलं होतं तुम्हाला आनंद होईल. इतकी मी लहान होते. तुम्ही विचारलंत, हे काय? मी घागरीची सगळी हकीकत सांगितली. तुमचा पहिला प्रश्न चपट्यांबद्दल होता, आणि तो योग्यच होता. मी म्हटलं, प्रत्येकीने तळहातावर दार लावल्यावरच घातली. तुमचा दुसरा प्रश्न, प्रश्न नव्हताच.

"हा ठिपका पूस."

"का? तिथे आहे ती."

"तिथे ती नाही. तिथे तू तिला ठेवलीस. नकाशा म्हणजे ती कुठे राहते ते. आपण कुठे ठेवतो ते नव्हे. आता पुढे कोणी आला तर त्याला वाटेल टेकडीच्या दोन्ही अंगांना हिचं घर आहे. तो त्यावर सिद्धांत बांधील. खडकाचा, झऱ्याचा, काय काय. तू खोटा नकाशा केलास."

"आणि मेली असती तर नकाशा खरा झाला असता?"

"हो," तुम्ही म्हणालात. "दुःखाचा झाला असता. पण खरा."

"मग पहिला ठिपका आधी पुसा. तिथे आता एकही नाही. पोकळ काढा तिथे."

तुम्ही म्हणालात, तिथे होती, म्हणून तो राहील. मी म्हटलं, इथे आहे, म्हणून हाही राहील. आई मध्ये पडली आणि म्हणाली, "एका ठिपक्यापायी बापलेक जेवत नाहीत, असं घर म्या कुठं पाह्यलं नाही." शेवटी तुम्ही पेन्सिल पुढे केलीत आणि जरा खालच्या आवाजात म्हणालात, "निदान बाण तरी काढ. या ठिपक्यापासून त्या ठिपक्यापर्यंत. आणली हे कळू दे." मी नाही म्हटलं. बाण म्हणजे गुन्ह्याची कबुली, असं मला वाटलं. मी काही चोरलं नव्हतं. आहेर दिला होता, गावादेखत, वाजतगाजत.

तुम्ही दुसऱ्या दिवशीपासून त्या विहिरीवर जायला लागलात, चपट्या शोधायला. पावसाळाभर जात राहिलात. एकही मिळाली नाही, हे मला तुम्ही कधी सांगितलं नाही. काकूंनी सांगितलं. "तुहे बाबा येतेत, पायरीवर बसतेत, गोटा हातात घेऊन. म्या म्हणतो च्या घ्या, तं म्हणतेत थांबा, आता हलन ते."

स्पिरिटमधल्या चार तुम्ही मुंबईला पाठवल्यात. उत्तर आलं की ही नेहमीची जात खास नाही, झाकणाची आहे, पण चारांवरून नाव ठरवता येत नाही. त्याच ठिकाणचे आणखी जिवंत नमुने पाठवा. त्याच ठिकाणी आता कोणी नव्हतं. विहिरीत होत्या, वाढत होत्या, पाळीभर पसरल्या होत्या. मी म्हटलं, पाठवा त्या. तीच आहे, फक्त पत्ता बदललाय. तुम्ही म्हणालात, बाण काढल्याशिवाय नाही. मी म्हटलं, बाणाशिवाय पाठवा. दोघेही हटलो नाही. आणि म्हणून तिला नाव मिळालं नाही. यात माझा अर्धा वाटा आहे असं लोक म्हणतील. मी म्हणते, अर्धाही नाही. तुम्ही तिला जिथे मेली तिथे जपून ठेवलंत, मी तिला जिथे जगली तिथे. नाव नसलं तरी ती दगडावरचा थर खात होती, अंडी घालत होती. नाव असलेल्या आणि मेलेल्या गोष्टी मी पुढे नोकरीत रोज छापल्या. फरक मला माहीत आहे.

कुंडाचंही सांगते, कारण ते तुम्ही पाहायला उरला नाहीत. बैल बरे झाले, पेरण्या झाल्या. त्याबद्दल मी तुम्हाला कधी बोल लावला नाही आणि लावणार नाही. पण काही पावसाळ्यांतच चपट्या परत आल्या. पुराच्या पाण्याबरोबर, गुरांच्या खुरांच्या चिखलाबरोबर, कशाही. ज्यांना मारायला तुम्ही गोण्या आणल्या त्या आल्या. जी कोणाच्या वाटेत नव्हती ती आली नाही. मी अनेकदा जाऊन दगड उलटे केले आहेत. हात भरून येईपर्यंत थांबले आहे. तुमच्या पद्धतीने सांगायचं तर आता तिथे पोकळ काढायला हवं. मी काढलेलं नाही. तुमचा ठिपका मीही पुसलेला नाही, हे ध्यानात घ्या.

मी नागपूरला शिकायला निघाले तेव्हा तुम्ही मोटार स्टँडवर आलात. लग्नाऐवजी कॉलेज, हे तुम्हीच आईला पटवलं होतं, आपण महिना महिना बोलत नसताना. बस सुटताना खिडकीतून माझ्या हातात भिंग ठेवलंत. मला वाटलं काही बोलाल. तुम्ही म्हणालात, "पुसायला मऊ फडकं घे. पदराने पुसू नको." इतकंच. त्या भिंगाने मी पुढे हजारो प्रूफं तपासली. आता साधं वर्तमानपत्रही त्याच्याशिवाय दिसत नाही. पदराने पुसते.

हे सगळं आज का, तर गेल्या आठवड्यात एक प्राध्यापक बाई घरी आल्या होत्या. प्राणिशास्त्र शिकवतात. त्यांना काकूंच्या विहिरीत, म्हणजे आता काकूंच्या नातवाच्या विहिरीत, मोटारपंपाच्या पाइपाखाली ती सापडली. नातू म्हणाला, "त्या पेपरवाल्या बाईले इचारा, त्यायचा बाप ढोराचा डाक्टर होता." बाई उत्साहात होत्या. आसपास कुठेच मिळत नाही म्हणाल्या, या एकाच विहिरीत कशी? टेकडीच्या या अंगाचा खडक वेगळा असणार, भूगर्भातला झरा वेगळा असणार. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. बाबा, शब्दन् शब्द तुम्ही म्हणाला होतात तसा. खडकाचा, झऱ्याचा, काय काय. त्या म्हणाल्या, नाव ठरवायचं तर मूळ ठिकाण नक्की हवं. इथलीच ना ही?

मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात या, माझ्याकडे एक नकाशा आहे.

त्या उद्या येणार आहेत. मी नकाशा टेबलावर पसरला आहे, कोपऱ्यांवर वाट्या ठेवून. तुमची सगळी पोकळ वर्तुळं आहेत, धनजचं तापातलंही. पहिला ठिपका आहे, दुसरा आहे. तुमचं म्हणणं आजही मला मान्य नाही. पुन्हा तो दिवस आला तर मी पुन्हा ऊन चढेपर्यंत तळहात पसरून बसेन आणि पुन्हा तुम्हाला न विचारता घागर भरेन. खोटा नकाशा म्हणालात, तो शब्द मागे घ्या असं मी म्हणत नाही, कारण तुम्ही घेणार नाही आणि मला त्याची गरजही राहिलेली नाही. ती जिवंत आहे.

हा कागद उद्या बाई यायच्या आधी मी नकाशाखाली सरकवून ठेवीन. तो तुमच्यापर्यंत जाण्याची सोय नाही. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय त्याची घडी करता येत नाहीये. आत्ता थोड्या वेळापूर्वी मी पहिल्या ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत बाण काढला.

पेन्सिलनेच काढलाय.